शहाबानो कोणत्या कपाटात?



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. ग्रंथालयावर बोलायला मी कसा, असं तुम्हाला वाटेल. कारण माझी धाकटी बहीण. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी तिला जेंडर स्टडीजचा पेपर लिहायचा होता. विषय घेतला ‘मुस्लिम स्त्री आणि तलाक’. मला म्हणाली, “भाई, सुरुवात कुठून करू?” मी लॅपटॉप उघडून दिला. तासाभरात चाळीस टॅब झाले, वहीत एक ओळ नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत कॉलेजच्या ग्रंथालयात गेलो. ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, “हे अख्खं गाव झालं. यातलं एक घर निवडा.” मग शहाबानो खटला ठरला आणि एक प्रश्न: कलम १२५ खालची पोटगी तलाकनंतरही मिळते, हे न्यायालयाने कशाच्या आधारे ठरवलं?

आता पुस्तकं. ड्यूई वर्गीकरणात स्त्रियांवरची पुस्तकं ३०५.४ ला, इस्लाम २९७ ला, इस्लामी कायदा ३४०.५९ ला. एकच बाई तीन कपाटांत! एकाच कपाटापाशी थांबलं, तर एकच बाजू हाती लागते. म्हणून तिन्हीकडून एकेक पुस्तक घ्या आणि आधी त्यामागची संदर्भसूची बघा. पुढचा रस्ता तिथेच सापडतो.

शेवटी मॅडमनी १९८५ चा मूळ निकाल समोर ठेवला. शहाबानोवर मी कॉलेजपासून तावातावाने वाद घालत आलोय. निकाल त्या दिवशी पहिल्यांदा वाचला. इंदूरच्या त्या बाईंनी महिना ५०० रुपये मागितले होते. नवरा वकील. खालच्या कोर्टाने २५ रुपये दिले, उच्च न्यायालयाने १७९ रुपये २० पैसे. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला तो नवरा.

बहीण हळूच म्हणाली, “भाई, एवढ्याशा पैशांसाठी?” मला उत्तर सुचलं नाही. माझ्या एकाही वादात हा आकडा आला नव्हता.

निकालावर थांबू नका. पुढे १९८६ चा कायदा वाचा, मग २००१ चा डॅनियल लतीफी निकाल. त्यात न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला, पण पत्नीच्या पुढच्या आयुष्याची तरतूद इद्दतच्या काळातच करावी लागेल, असा त्याचा अर्थ लावला. क्रमाने वाचलं की ऐकीव गोष्टी आपोआप गळतात.

वहीत प्रत्येक नोंदीपुढे पुस्तकाचं नाव आणि पान लिहा. नाहीतर पेपर द्यायच्या आदल्या रात्री रडाल.

बहिणीने पेपर स्वतः लिहिला. मी फक्त झेरॉक्सच्या रांगेत उभा होतो.