स्वागताध्यक्षांचे भाषण : चोवीस तासांचा हिशेब



वैशाखातल्या जळगावात पाहुण्यांचे स्वागत करणाराने आधी उन्हाबद्दल क्षमा मागावी, असा शिरस्ता आहे. परंतु आजच्या विषयात हे ऊनही एक पक्षकार असल्यामुळे तो मी आज मोडतो.

प्रोस्टेटचा कर्करोग पुरुषसंप्रेरकांवर पोसला जातो, हे शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली, म्हणजे मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले त्याच वर्षी, दाखवून दिले. आणि वृषण काढूनही ज्यांच्या हाडांत रोग पसरत राही व वेदना असह्य होत, अशांपैकी काहींची पिट्युइटरी ग्रंथीच काढून टाकण्याचा धाडसी प्रघात पुढील दशकांत पडला. वेदना पुष्कळदा थोड्याच दिवसांत ओसरत. पण रोग हटला की नुसते दुखणे शमले, याचा दाखला रुग्णाच्या तोंडून नव्हे, त्याच्या लघवीतून मागावा लागे. हाडातले कोलॅजन झिजले की हायड्रॉक्सिप्रोलीन लघवीत उतरते. ते आणि कॅल्शियम शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर मोजून हाडांची झीज मंदावल्याचा अदमास घेत.

मेख आहे ती मोजण्यात. पिट्युइटरी गेल्यावर शरीरात पाणी राखणारे संप्रेरक कमी पडून काही रुग्णांना दिवसाकाठी कित्येक लिटर लघवी होते, आणि दर लिटरचा आकडा पाहणाऱ्यास सारीच द्रव्ये घटल्याचा भास होतो. उलट आमच्या उन्हात दिवसभर घाम गाळलेल्या शेतकऱ्याची लघवी इतकी थोडी आणि दाट असते, की तोच आकडा उगीच फुगतो. म्हणून चोवीस तासांची एकूण बेरीजच ग्राह्य धरावी. सकाळची पहिली लघवी टाकायची आणि पुढची प्रत्येक, दुसऱ्या सकाळच्या पहिलीसकट, आम्ल घातलेल्या बरणीत साठवायची. एक वेळची जरी संडासात गेली तरी सारे दप्तर खोटे. आणि ती कितीदा जाते हे वॉर्डातल्या मावशींना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते, म्हणून त्यांनाही आज आग्रहाने बोलावले आहे.

अँड्र्यू शॅली यांना १९७७ साली नोबेल मिळवून देणाऱ्या संशोधनातून निघालेल्या इंजेक्शनांनी वृषण काढण्याला पर्याय दिला, आणि पिट्युइटरी काढण्याची ती शस्त्रक्रियाही आता जवळजवळ इतिहासजमा झाली आहे; बरणी मात्र मूतखड्याच्या तपासासाठी आजही लागते, आणि खान्देशात ती रिकामी फारशी राहत नाही.

दुपारच्या भोजनास शेवभाजी, कळण्याची भाकरी आणि ठेचा आहे. पायाच्या रश्श्यातले कोलॅजन लघवीतले हायड्रॉक्सिप्रोलीन वाढवते. तेव्हा काल रात्री ज्यांनी तो ओरपला असेल, त्यांनी प्रात्यक्षिकासाठी आपला नमुना देऊ नये, एवढी विनंती करून मी आपणा सर्वांचे स्वागत करतो.