तप्त घटांची कल्हई

पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली असतां त्यांत ताक ठेवलें तर तें कळकतें, हें आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांस शिकवावें लागत नाहीं. भांडें आणि पदार्थ यांचें पटत नसलें म्हणजे दोहोंचेंही नुकसान होतें. श्रोतेहो, आज मी ज्या विषयावर बोलणार आहें, तो याच जातीचा आहे. मात्र येथें भांडें म्हणजे विजेचा घट, आंतील पदार्थ म्हणजे वितळलेला गंधक, आणि चूल अशी कीं ती वर्षानुवर्षें विझूं द्यावयाची नाहीं.

सूर्यप्रकाशापासून व वाऱ्यापासून आज पुष्कळ वीज निघते. परंतु सूर्य मावळला कीं एक थांबते आणि वारा पडला कीं दुसरी. ती सांठवून ठेवण्याचे जे उपाय निघाले, त्यांपैकीं सोडियम व गंधक यांचा घट हा एक होय. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील फोर्ड मोटर कंपनीच्या प्रयोगशाळेंत कुमर व वेबर या शास्त्रज्ञांनीं तो सिद्ध केला, आणि पुढें जपानांत तो मोठ्या प्रमाणावर तयार झाला. यांतील दोन्ही पदार्थ स्वस्त व मुबलक आहेत. मध्यें बीटा-अॅल्युमिना नांवाच्या, चिनी मातीसारख्या कठीण पदार्थाची नळी असते. तिच्या आंत सोडियम आणि बाहेर गंधक. सोडियमचे विद्युद्भारित कण तेवढे या नळींतून पलीकडे जातात. सोडियम ९८ अंश सेंटिग्रेडवर व गंधक सुमारें ११५ अंशांवर वितळतो. परंतु हे कण सुलभपणें जावेत आणि घटांत तयार होणारें संयुग द्रवरूप राहावें, म्हणून घट ३०० ते ३५० अंशांवर तापलेला ठेवावा लागतो.

अडचण आहे ती या संयुगाचीच. त्यास पॉलिसल्फाइड म्हणतात, आणि हा तप्त रस धातूंचा हाडवैरी आहे. आपल्या परिचयाचा गंज हवा आणि पाणी यांच्यामुळें चढतो. या घटांत दोहोंनाही प्रवेश नसतो. येथें शत्रु घरांतलाच असतो. शिवाय घटाच्या डब्यास दोन कामें करावयाची असतात : रस धरून ठेवणें आणि वीज बाहेर आणून देणें. साधें पोलाद या रसांत टिकत नाहीं. त्यावर लोखंडाच्या सल्फाइडचे पापुद्रे धरतात, ते सुटतात, आणि खालचा धातु पुन्हां उघडा पडतो. या झिजेंत गंधक खर्चीं पडतो, त्यामुळें घटाची धारणशक्ति उतरते. विजेस होणारा अडथळा वाढत जातो. आणि शेवटीं डब्यास भोंक पडण्याचें भय उत्पन्न होतें.

मग डबा कशाचा करावा? अॅल्युमिनियम टिकतें खरें. परंतु त्यावर जें पटल चढतें त्यांतून वीज जात नाहीं. म्हणजे भांडें वांचलें, पण काम बुडालें. मॉलिब्डेनम उत्तम टिकतें. मात्र तें महाग आणि घडविण्यास अवघड. राहतां राहिलें क्रोमियम. गंधक त्यावरही चढतो. परंतु तेथें होणारें पटल घट्ट बसतें आणि वीज जाऊं देतें. म्हणून डबा पोलादाचा किंवा अॅल्युमिनियमचा करून त्यास आंतून क्रोमियमयुक्त लेप देण्याची युक्ति निघाली. ही तप्त घटांची कल्हई होय. आपली नेहमींची कल्हई येथें उपयोगाची नाहीं, कारण तिच्यांतील कथील २३२ अंशांवरच वितळतें.

हा लेप दोन रीतींनीं देतात. एक, तापलेल्या पोलादाच्या पृष्ठभागांत क्रोमियम मुरवावयाचें. दुसरी, क्रोमियमयुक्त धातु वितळवून त्याचा फवारा मारावयाचा. मुरविलेला थर सहसा सुटत नाहीं. फवाऱ्याच्या लेपास मात्र सूक्ष्म छिद्रांची भीति असते. सुईच्या टोंकाएवढें छिद्र राहिलें तरी रस तेथून आंत शिरतो. दुसरें असें कीं, तापल्यावर अॅल्युमिनियम क्रोमियमच्या तिपटीहून अधिक प्रसरण पावतें. घट वारंवार निववून तापविला तर ही ओढाताण लेपास तडे पाडूं शकते.

हा रस भांड्याबाहेर आला तर काय होतें, हें २१ सप्टेंबर २०११ रोजीं जपानच्या इबाराकी प्रांतांतील एका कारखान्यांत दिसून आलें. एक सदोष घट फुटला, तप्त द्रव शेजारच्या घटांवर वाहत गेला, विजेनें भलतीच वाट धरली आणि आग पसरली. ती पूर्ण विझण्यास दोन आठवडे लागले. तेथील कारण गंज हें नव्हतें. तथापि डब्याची भिंत शाबूत राहणें किती मोलाचें आहे, हें त्यावरून कळतें.

दक्षिण आफ्रिकेंतील संशोधकांनीं याच प्रश्नाकडे निराळ्या दृष्टीनें पाहिलें. झेब्रा या नांवानें प्रसिद्ध असलेल्या त्यांच्या घटांत गंधकाच्या जागीं निकेल क्लोराइड असतें. तें व त्याच्या जोडीचा क्षाररस हीं दोन्ही त्यांनीं नळीच्या आंत कोंडलीं, आणि सोडियम बाहेर, पोलादी डब्याकडे ठेवलें. शुद्ध द्रव सोडियमचें पोलादाशीं चांगलें जमतें. आपल्या कल्पक्कम येथील, १९८५ सालीं सुरू झालेल्या अणुभट्टींत तें पोलादी नळ्यांतूनच खेळविलें आहे. जागांची एवढी अदलाबदल केली, आणि बाहेरच्या डब्यास लेपाची गरज उरली नाहीं. आंतल्या रसाशीं गांठ पडते ती मुख्यतः निकेलच्या कांडीची, आणि ती त्यास तोंड देऊं शकते.

अशा घटांची योग्यता आपण बहुधा त्यांत किती वीज मावते यावरून ठरवितों. ती वीज दहा-पंधरा वर्षें सुखरूप मावावी, हें मात्र केंसाएवढ्या लेपावर, किंवा कोणी कोणाशेजारीं बसावें एवढ्या विचारावर अवलंबून असतें.