कुट्टीचे पाते का तुटते?



ज्वारीची कणसे खुडली की कडबा उरतो आणि उन्हाळाभर जनावरे त्याच्यावर जगतात. कुट्टी मशीन आता गावोगावी मोटारीवर चालते. पण पाते घेताना आपण दोनच गोष्टी पाहतो, धार आणि किंमत. पात्याची ताकद असते त्याच्या घडणीत.

पहिली गोष्ट पाण्याची. लोहार विळ्याला पाणी देतो ते आठवा. लालबुंद पोलाद एकदम थंड केले की कडक होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवावे लागते. ही दुसरी आंच चुकवलेल्या पात्याचा तुकडा कडब्यातल्या एका खड्यानेही उडतो. उलट साध्या लोखंडाचे पाते तुटत नाही, पण वाकते, आणि धार लगेच बसते.

दुसरी गोष्ट जाडीची. पात्याची जाडी दुप्पट केली तर वाक सोसण्याची ताकद चौपट होते. म्हणजे निम्म्या जाडीचे स्वस्त पाते निम्म्या नव्हे, पाव ताकदीचे. धारेचा उतार फार निमुळता केला तर कापते छान, पण टवके उडतात. फार बोथट ठेवला तर मोटारीवर ओझे येते.

तिसरी गोष्ट आकाराची. सरळ पाते सगळ्या पेंढीवर एकदम आदळते. बाकदार पाते विळ्यासारखे सरकत कापते, धक्का कमी बसतो.

चौथी गोष्ट भोकांची. बोल्टचे भोक काठाच्या फार जवळ असेल, तर तडा तिथूनच सुरू होतो. धार लावताना भोकाभोवती रोज नजर टाका. ग्राइंडरवर धार निळी पडली तर समजा, पाण्याचा कडकपणा उतरला. पाती बदलताना जोडीने, सारख्या वजनाची बदला.

हे एवढ्यासाठी सांगतो, की मशीनपाशी उभी असते ती घरची बाई, नाहीतर शाळेतून आलेले पोर. फिरते पाते तुटले तर तुकडा कोणाला लागेल, सांगता येत नाही. मळणीयंत्रात हात जाऊ लागले, तेव्हा १९८३ साली संसदेला धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. आपण हात जाण्याची वाट का पाहावी?

दुकानदाराकडे पक्के बिल मागा. पोलाद कोणते, पाणी दिले आहे का, हे बिलावर लिहून मागा. चाकावर झाकण असल्याशिवाय मशीन सुरू करू नका.

भाव मागायला आपण मूठ वर करतो. त्या मुठीची पाचही बोटे शाबूत पाहिजेत.