पायाखालचं लाकूड
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



पंचवीस वर्षांपूर्वी या इमारतीत मी वडिलांच्या हाताखाली लाद्या उचलायला आलो होतो. आज तुम्ही मला शाल-नारळ दिलंत, मनापासून आभार. सेक्रेटरी साहेब म्हणाले, "दोन शब्द बोला." मी भाषण करणारा नाही, फरशी बसवणारा आहे. तेव्हा फरशीवरच बोलतो.

तेव्हा इथं सगळ्यांकडे मोझॅक बसलं. बसवल्यावर मशीननं घासायचं, आणि त्याचा पांढरा राडा जिन्यात. किती जणींनी आम्हाला रागावलं, ते अजून आठवतं! पुढे मोरबीहून चकचकीत व्हिट्रिफाइड आली. आणि आता नवी मागणी असते, "मिस्त्री, लाकडाचं फ्लोअरिंग करायचंय." मुलानं पुण्याहून मोबाइलवर फोटो पाठवलेला असतो. फिकट ओकचा रंग, रुंद लांब पट्ट्या, चकाकी नाही, मॅट. कुणाला हेरिंगबोन हवं असतं, म्हणजे माशाच्या काट्यासारखी तिरपी जुळणी. गडद तांबूस, चकचकीत रंग आता मागे पडला.

लाकूड आपल्याला परकं नाही. साल्हेरच्या पलीकडे डांग आहे. तिथल्या सागासाठी इंग्रजांनी १८४० च्या दशकात भिल्ल राजांकडून जंगलं भाडेपट्ट्यानं घेतली होती. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतही खांब, तुळया, माळ्याच्या फळ्या लाकडाच्याच. पण तळमजल्याची जमीन बघा. ती शेणानं सारवलेली, नाहीतर दगडाची. फळ्या वर, जमीन खाली. जुन्या लोकांना जमिनीची ओल माहीत होती.

मला ती ठेच लागल्यावर कळली. एका तळमजल्याच्या घरात मी एप्रिलमध्ये लॅमिनेट बसवलं. दिसायला झकास! श्रावणात मालकांचा फोन आला, "मिस्त्री, जमीन फुगली." जाऊन पाहतो तर मधल्या पट्ट्या तंबूसारख्या वर आलेल्या, आणि घरातल्या आजी त्याला अडखळून पडलेल्या. हाड मोडलं नाही, पण महिनाभर त्या काठी घेऊन चालल्या. चूक माझी होती. खालची ओल तपासली नव्हती, आणि पट्ट्या भिंतीला घट्ट भिडवल्या होत्या. भिंतीलगत आठ-दहा मिलिमीटर जागा सोडायची असते, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. लाकूड फुगतं, आकसतं, त्याला हलायला जागा लागते. पैसे परत केले, पण आजींच्या समोर मान वर झाली नाही.

म्हणून घेताना आधी विचारा, आत काय आहे? इंजिनिअर्ड म्हणजे खाली प्लायचे थर आणि वर अस्सल लाकडाचा पातळ थर. लॅमिनेट म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेली फळी, वर लाकडाचं छापील चित्र. एसपीसीत दगडाची भुकटी आणि प्लास्टिक असतं, लाकूड नसतंच, म्हणून ते पाण्याला टिकतं. आणि लाकडासारखी दिसणारी टाइलही मिळते. आपल्याकडे रोज बादलीभर पाण्यानं पोछा मारतात. अस्सल लाकूड, इंजिनिअर्ड किंवा लॅमिनेट घ्यायचंच असेल तर बेडरूममध्ये घ्या आणि फडका पिळून पुसा. स्वयंपाकघरात, मोरीजवळ नको.

दुसरं, खाली कोण राहतं ते बघा. जुन्या फरशीवरच नवी टाइल चिकटवतात. दहा मिलिमीटरची टाइल म्हणजे शंभर चौरस फुटांना दोनशे किलोच्या वर वजन, मसाला वेगळा. जुनी फोडायची म्हटली तर खालच्यांच्या छताला हादरे, आणि बाथरूमच्या उंबऱ्याशी वॉटरप्रूफिंग उखडलं तर गळती त्यांच्याकडे. म्हणून सोसायटीची परवानगी आणि इंजिनिअरचा सल्ला आधी, टाइलचं दुकान नंतर.

तिसरं, वर कोण चालतं ते बघा. इथं राहायला आलात तेव्हा चाळिशीत होतात, आज पासष्टीत आहात. ओल्या चकचकीत टाइलवर घसरायला एक क्षण पुरतो. मॅटची फॅशन आली, ती या बाबतीत तरी चांगलीच. हात लावून बघा, जरा खरखरीत लागली पाहिजे.

आणि काहीच बदलायचं नसेल तर? माझा धंदा बुडेल, पण सांगतो. तुमचं मोझॅक अजून दोन पॉलिश सहज खाईल.

कार्यक्रमाआधी मी जिन्यातल्या लाद्यांवर टाचेनं ठोकत वर आलो. वडिलांनी बसवलेली एकही लादी पोकळ वाजली नाही. तुमच्या सोसायटीचंही पुढच्या पंचवीस वर्षांत असंच राहो.