किमान वेतनाची वाढ आणि आपले कर्तव्य
(वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



मजुरीचा दर कायद्याने वाढविला, तर मजुराचे कल्याण होते की त्याचे काम जाते, हा प्रश्न केवळ अर्थशास्त्रज्ञांचा नाही. राई, मुर्धा, मोरवा या आपल्या गावांत तो घराघरांतला आहे. आगर म्हणजे मिठागर, आणि त्यावरूनच आपल्या समाजास आगरी हे नाव पडले, असे मानले जाते. मिठागरांत राबलेल्या त्या पूर्वजांचे वंशज आज कोणी कंत्राटदाराकडे काम करतात, तर कोणी स्वतःच चार माणसे कामास ठेवतात. मजुरी देणारा आणि घेणारा, दोघेही याच मंडपात बसलेले आहेत.

किमान वेतनाचा कायदा आपल्या देशात १९४८ साली झाला. वेतन किती असावे, याचे माप १९५७ सालच्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने घालून दिले : कमावत्या माणसामागे तीन माणसांइतका आहार, चौघांच्या कुटुंबास वर्षाला ७२ वार कापड, शिवाय घरभाडे, जळण व दिवाबत्ती. मुलांचे शिक्षण, औषधोपचार इत्यादींसाठी आणखी २५ टक्के धरावेत, असे १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. किमान वेतन ही मेहेरबानी नव्हे. संसाराचा तो किमान हिशेब आहे.

दर चढला की मालक माणसे कमी करतो, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वत्र खरा ठरत नाही. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने १९९२ साली ताशी किमान वेतन ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले. कार्ड व क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी तेथील उपाहारगृहांची शेजारच्या पेनसिल्व्हेनियाशी तुलना केली, तेव्हा नोकऱ्या घटल्याचे आढळले नाही. या निष्कर्षावर पुढे पुष्कळ वाद झाला. तथापि एवढे उघड झाले, की जेथे मजुरास दुसरा मालक सहज मिळत नाही, तेथे मजुरी श्रमाच्या मोलापेक्षा खाली दाबलेली असू शकते. अशा ठिकाणी ती वाढविल्याने काम बुडतेच असे नाही.

परंतु दुसरी बाजूही आपल्याच राज्याने अनुभवली आहे. रोजगार हमी योजनेचा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली केला. मागेल त्यास काम, हे तिचे ब्रीद. १९८८ साली किमान वेतन दुप्पट झाले, व त्याबरोबर योजनेवरील मजुरीही वाढली. खर्चाची तरतूद मात्र त्या प्रमाणात वाढली नाही. परिणामी मागेल त्यास काम मिळेनासे झाले, असे अभ्यासकांनी दाखवून दिले. दर कागदावर चढला. पण ज्याला कामच मिळाले नाही, त्याच्या चुलीला त्याचा काय उपयोग?

यावरून वाढ नको, असा अर्थ कोणी काढू नये. वाढ हवीच, परंतु ती वेळेवर आणि बेताबेताने हवी. दरांचे पुनर्विलोकन पाच वर्षांच्या आत व्हावे, असे कायद्यातच आहे. वर्षानुवर्षे दर गोठवून मग एकदम दुप्पट केला, तर भाईंदरमधील स्टीलच्या भांड्यांचा लहान कारखानदार तो भार कसा उचलील? लहान पावलांनी चढलेला दर त्यालाही पेलतो, आणि कामगाराचा संसारही महागाईत बुडत नाही.

आणि कायदा आपोआप अमलात येत नाही. १९३३ साली चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध संप केला, तो सुमारे सहा वर्षे टिकला. आपल्या श्रमाचा वाटा किती, हे त्यांनी संघटित होऊन सांगितले, म्हणूनच ते ऐकले गेले. म्हणून माझी विनंती दोन्ही पक्षांना आहे. कामावर जाणाऱ्या तरुणांनी मूळ वेतन व विशेष भत्ता वेगवेगळे दाखविणारी वेतनचिठ्ठी मागून घ्यावी. माणसे ठेवणाऱ्या बांधवांनी, आपल्या मुलाला जी मजुरी मिळावी असे वाटते, तीच दुसऱ्याच्या मुलास द्यावी. समाजाची प्रतिष्ठा मंडपाच्या थाटावरून नव्हे, तर या हिशेबावरून ठरेल.