वितळणारे तारामासे आणि चुकीचा लॉग

आजचा एपिसोड छोटा आहे. इयरफोन लावा, आपण थेट उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जातोय.

तिथे उथळ पाण्यात सनफ्लॉवर सी स्टार नावाचा तारामासा राहतो. हात पाच नाहीत, चांगले वीसेक. रुंदी जवळजवळ एक मीटर. त्याचं आवडतं खाणं म्हणजे सी अर्चिन, तो काटेरी चेंडूसारखा जीव. आणि अर्चिन खातात केल्प, म्हणजे समुद्रातलं जंगल. तारामासा आहे तोवर अर्चिन आटोक्यात.

2013 मध्ये हे तारामासे मरायला लागले. अंगावर जखमा, मग हात गळायचे, आणि काही दिवसांत सगळा लगदा. थोड्याच वर्षांत 90 टक्क्यांहून जास्त संपले. त्यात समुद्रही तापला. उत्तर कॅलिफोर्नियात अर्चिन बेसुमार वाढले आणि केल्पची जंगलं जवळपास साफ झाली.

2014 मध्ये एका विषाणूवर संशय गेला. पण पुढे तो पुरावा टिकला नाही. खरं उत्तर मिळालं थेट 2025 मध्ये: व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा नावाचा जिवाणू. तो सापडला शरीरातल्या द्रवात. आजारी ताऱ्याचा द्रव निरोगी ताऱ्याला टोचला की तो मरायचा; तोच द्रव आधी गरम केला तर काही व्हायचं नाही. आधीचे बरेच नमुने मात्र शरीराच्या ऊतींचे होते.

हे वाचून मला माझी एक रात्र आठवली. सर्व्हर पडला होता. मी एकच लॉग बघितला आणि ग्रुपवर लिहून टाकलं की चूक अमुक ज्युनिअरच्या कोडची आहे. दोन दिवसांनी कळलं, चूक माझ्याच कॉन्फिगरेशनमध्ये होती. तो लॉग मी उघडलाच नव्हता. माफी मागितली, पण त्यानंतर तो मीटिंगमध्ये फारसा बोलायचाच नाही.

त्या शास्त्रज्ञांनी मात्र जुनं उत्तर सोडून पुन्हा शोधायची तयारी ठेवली. आता कारण माहीत असल्यामुळे, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पिल्लांपैकी कोण तग धरतं ते तपासता येईल. ब्रिटिश कोलंबियाच्या थंड खाड्यांमध्ये काही तारामासे अजून जिवंत आहेत.

तुम्ही कधी घाईत चुकीचं कारण धरून बसलात का? मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!