ठणका थांबला, तरी सांधे मोजा
(आकाशवाणीवरील भाषण)

आमवाताचा ठणका थांबला म्हणून तपासणी थांबवू नका. मला जे सांगायचं आहे ते एवढंच, आणि मिळालेल्या दहा मिनिटांत मी हेच पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कारण हे ऐकताना प्रत्येक जण मान डोलावतो आणि तिसऱ्या महिन्यात विसरतो.

आमवात म्हणजे कोणता, ते तुम्हाला ठाऊक आहे. वयोमानानं गुडघे झिजतात, तो नव्हे. दोन्ही हातांची बोटं आणि मनगटं सुजतात, सकाळी उठल्यावर तासतासभर मूठ वळत नाही, कणीक मळवत नाही, लेकीची वेणी घालवत नाही, तो. डॉक्टर त्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. पुरुषांपेक्षा बायकांत तो दुपटीतिपटीनं जास्त, आणि पुष्कळदा ऐन कर्त्या वयात येतो. शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच सांध्याच्या अस्तरावर उलटते, अस्तर सुजतं आणि ती सूज शेजारचं हाड कुरतडत जाते. पहिल्या दोन वर्षांतच बऱ्याच रुग्णांच्या एक्स-रेमध्ये हाडावर खाचा दिसू लागतात. एकदा पडलेली खाच सहसा भरून येत नाही.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात हे समजावून सांगायला मला बोंडअळीसारखं दुसरं उदाहरण सापडलेलं नाही. गुलाबी बोंडअळी अंड्यातून निघते, कोवळ्या बोंडात शिरते, आणि ती शिरल्यावर भोक बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार दिसतं. शेजारी म्हणतो, यंदा तुमची पऱ्हाटी झकास आहे. आत मात्र सरकी पोखरली जात असते. २०१७ साली अख्ख्या विदर्भानं हे भोगलं. तेव्हापासून तुम्ही पऱ्हाटीच्या हिरवेपणावर विसंबत नाही. वावरात कामगंध सापळे लावता, सकाळी जाऊन आतले पतंग मोजता, सलग तीन दिवस सापळ्यामागे आठ-आठ पतंग दिसले की फवारणीला लागता. मधूनच चार हिरवी बोंडं तोडून, फोडून पाहता. कशासाठी? तर बाहेरून कळत नाही म्हणून.

सांध्याचंही तसंच आहे. दुखणं कमी झालं, म्हणजे पऱ्हाटी हिरवी दिसते आहे, इतकंच. आत अळी आहे की नाही, ते मोजल्याशिवाय कळत नाही. ज्यांना काहीच दुखत नव्हतं अशा रुग्णांच्याही सांध्यांत सोनोग्राफी केल्यावर सूज सापडल्याचे अभ्यास आहेत. म्हणून डॉक्टर अठ्ठावीस सांधे मोजतात. दोन खांदे, दोन कोपरं, दोन मनगटं, दोन गुडघे आणि हातांच्या बोटांचे वीस. प्रत्येक सांधा दाबून पाहायचा, दुखरे किती, सुजलेले किती, ते कागदावर लिहायचं. सोबत रक्ताचा ईएसआर नाहीतर सीआरपी. या सगळ्यातून एक आकडा निघतो. आकडा चढा असेल तर औषध वाढवायचं. तुम्ही म्हणालात, "डॉक्टर, मला आता बरं आहे," तरीसुद्धा वाढवायचं. तळपायाचे सांधे या अठ्ठावीसमध्ये येत नाहीत, तेव्हा पायाची बोटं दुखत असतील तर ते आपण होऊन सांगा.

हे मोजणं म्हणजे डॉक्टरांचा सोपस्कार नव्हे, आणि याला चांगला पुरावा आहे. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात एक अभ्यास झाला, तो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात आला. आमवाताचे ११० रुग्ण घेतले. एका गटाला नेहमीसारखे उपचार, तीन महिन्यांनी तपासणी. दुसऱ्या गटाला दर महिन्याला बोलावलं, सांधे मोजले, आकडा खाली आला नसेल तर त्याच दिवशी औषधात बदल केला. दीड वर्षानं पाहिलं. नेहमीच्या गटात शंभरातले १६ जण रोगाच्या तावडीतून सुटले होते. महिन्याला मोजलेल्या गटात शंभरातले ६५. आणि आता नीट ऐका, हे कुठल्याही नव्या, महागड्या इंजेक्शनानं झालेलं नाही. मेथोट्रेक्सेट, सल्फासॅलॅझिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही जुनीच औषधं होती, आणि सुजलेल्या सांध्यात गरज पडली तर एखादं इंजेक्शन. आपल्याकडेही मिळतात ती. फरक पडला तो मोजण्यानं आणि मोजून वेळेवर हात हलवण्यानं.

सोळा आणि पासष्ट. हे दोन आकडे लक्षात ठेवा, बाकी माझं सगळं भाषण विसरलात तरी चालेल.

आता तुम्ही विचाराल, आकडा खाली आला, सगळं बरं झालं, मग तरी गोळी सोडायची का? याचाही अभ्यास झालेला आहे. तो नेदरलँड्समध्ये झाला आणि १९९६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचा आमवात औषधांनी चांगला आटोक्यात होता असे २८५ रुग्ण. निम्म्यांना औषध चालू ठेवलं, निम्म्यांना त्यांच्या नकळत तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी दिली. वर्षभरात औषध चालू असलेल्यांपैकी शंभरात २२ जणांचा आजार उसळला, बंद केलेल्यांपैकी ३८ जणांचा. सोडायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू, मोजत मोजत कमी करायची. वेचणीच्या दिवसांत तालुक्याला जायला सवड नाही म्हणून आपोआप सुटली, असं होऊ द्यायचं नाही.

वेचणीचा विषय निघाला म्हणून बोलतो. ऑक्टोबर लागला की माझ्या दवाखान्यातल्या आमवाताच्या बायका दिसेनाशा होतात. कापूस बोटांच्या टोकांनी वेचायचा, मजुरी किलोवर मिळणार, आणि नेमकी बोटंच सुजलेली. मग काय करतात? दुखण्याची गोळी घेतात आणि वावरात जातात. "वेचणी आटोपली की येऊ." मी त्यांच्यावर रागावतो, खरं आहे. पण घरच्यांवर मी जास्त रागावतो. बैलाचा पाय लचकला तर त्याच दिवशी गुरांच्या डॉक्टरला बोलावणारं घर बाईच्या मनगटाला सहा-सहा महिने थांबायला लावतं. दादा, तुमची बायको दुखत नाही म्हणत असेल, तरी तिला मूठ वळायला सांगा. सगळी बोटं तळहाताला टेकतात का ते बघा. नाही टेकली, तर वेचणी राहू द्या आणि तिला दवाखान्यात आणा.

दुखण्याच्या गोळीबद्दल थोडं सविस्तर बोलणं भाग आहे. ती ठणका दाबते, हाड वाचवत नाही. आणि आपल्या भागात तिचा धोका दुहेरी आहे. पूर्णेकाठचा खारपाणपट्टा तुम्हाला सांगायला नको. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या बाजूला मूत्रपिंडाच्या आजारानं किती घरं होरपळली आहेत, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या महिनोन्‌महिने खाल्ल्या तर मूत्रपिंडाला इजा होते. आणि आमवाताचं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट शरीराबाहेर जातं ते मूत्रपिंडातूनच. मूत्रपिंड थकलेलं असेल तर ते साचतं, तोंड येतं, रक्तातल्या पेशी घटतात. म्हणून खारपाणपट्ट्यातल्या माणसाचं क्रिएटिनिन आधी तपासलंच पाहिजे आणि पुढेही तपासत राहिलं पाहिजे.

बाजारात, जत्रेत वाताच्या म्हणून बिननावाच्या पुड्या मिळतात. दोन दिवसांत माणूस पळू लागतो. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. स्टेरॉइडची ही जादू जगानं आधीच पाहून ठेवली आहे. १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या आमवाताच्या एका तरुण बाईला कॉर्टिसोनची इंजेक्शनं दिली, आणि काही दिवसांत ती चालू लागली. दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, हेंच यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. पण औषध थांबवलं की आजार परत येई, आणि मोठ्या डोसात चालू ठेवलं की चेहरा सुजे, हाडं ठिसूळ होत. डॉक्टर आजही स्टेरॉइड देतात, पण थोडं, थोडे दिवस, मुख्य औषधाचा गुण यायला वेळ लागतो तोपर्यंत. पुडीवाला किती देतो आणि किती दिवस, ते त्यालाही ठाऊक नसतं.

आणि बरं वाटणं किती फसवं असतं, ते पुण्यातही दिसलं आहे. डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयुर्वेदातल्या वनस्पतींच्या औषधाची आमवातावर काटेकोर चाचणी घेतली, कुणाला औषध आणि कुणाला नुसती बिनऔषधी गोळी, ते ना रुग्णाला माहीत ना डॉक्टरला. बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांतही कितीतरी जणांना आराम वाटला. तेव्हा कुणाच्या सांगण्यावरून घेतलेल्या कुठल्याही औषधानं बरं वाटलं, तर चांगलंच आहे. पण सांधे मोजून घ्या.

मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांसाठी एक सूचना, आणि ती मी दोनदा देणार आहे. ही गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. रोज नाही. आठवड्यातून एकदा. शेगावचा बाजार, गुरुवारचा उपास, जो वार लक्षात राहतो तो धरा आणि कॅलेंडरवर खूण करा. चुकून रोज घेतल्यानं माणसं दगावली आहेत. डॉक्टरांनी सोबत फॉलिक अॅसिड लिहून दिलेलं असतं, ते वेगळ्या दिवशी, त्यांनी सांगितलं असेल तसं. मूल हवं असेल तर आधी बोला, गरोदरपणात हे औषध चालत नाही. दारू नको.

महाग इंजेक्शनांबद्दल एकच सांगतो. ती चांगली आहेत, काहींना लागतातच, आणि ती सुरू करण्याआधी क्षयरोगाची तपासणी करावीच लागते. पण ती परवडत नाहीत म्हणून काहीच करू नये, असं नाही. २०१३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या ३५३ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. फक्त मेथोट्रेक्सेटनं ज्यांचं भागत नव्हतं, त्यांच्यापैकी काहींना तीन जुन्या गोळ्या एकत्र दिल्या आणि काहींना मेथोट्रेक्सेटसोबत महाग इंजेक्शन. जुन्या गोळ्या कमी पडल्या नाहीत. अट तीच, मोजत राहायचं आणि गरज पडेल तसं बदलायचं.

शेवटचा मुद्दा, जो मला खरं तर आधी घ्यायचा होता. १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात डॉ. चोप्रांच्या चमूनं घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांना सांध्यांबद्दल विचारलं. गावातलेच स्वयंसेवक होते. हजारात साधारण पाच जणांना आमवात निघाला. आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पंचवीस लाखांवर होती. मोठी माणसं धरून, हजारी चारच जरी मोजले, तरी सहा-सात हजार माणसं होतात. ती आहेत कुठे? २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या बोंडगावात आणि आसपास लोकांचे केस गळू लागले, तेव्हा आयसीएमआरचे तज्ज्ञ गावात आले, पाण्याचे, रक्ताचे, धान्याचे नमुने घेतले. ते योग्यच झालं. पण केस चार दिवसांत जातात म्हणून दिसतात, बोटं चार वर्षांत वाकतात म्हणून कुणाला दिसत नाहीत.

बुलढाण्यात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. तिथल्या अध्यापकांना माझी जाहीर विनंती आहे. आठवड्यातला एक वार आमवातासाठी राखून ठेवा, आणि प्रत्येक रुग्णाच्या कार्डावर सांध्यांचा आकडा लिहा. तुमच्या विद्यार्थ्यांना एखाद्या गावात भिगवणसारखं घरोघर पाठवा. आशाताईंना मूठ वळवून पाहायला शिकवा, त्याला यंत्र लागत नाही. आणि ऐकणाऱ्या माझ्या तायांनो, तुमची पुढची तारीख कार्डावर लिहिलेली आहे. त्या दिवशी काही दुखत नसेल, तरी या.